परमुलखातली कचेरी

जेद्दातल्या भारतीय महावाणिज्य दूतावासाचं कार्यक्षेत्र एकदा नकाशावर पाहावं. वर जॉर्डनच्या बाजूला तबूक, खाली येमेनच्या सीमेवर जीझान आणि नजरान, मधे मदिना, यांबू, मक्का, ताइफ, अल बाहा, अभा. जेद्दाहून तबूक हजार किलोमीटरच्या घरात, अभा साडेसहाशेच्या आसपास. देशाचा उरलेला भाग राजधानी रियाधमधला दूतावास सांभाळतो. सौदी अरेबियात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय राहतात आणि त्यांच्यासाठी आपल्या सरकारची दारं दोन. त्यांतल्या एका दारामागे, कॉन्सुलर विभागात, माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोलाचा काळ गेला. एकदा नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा कोविडच्या वर्षापासून सुदानच्या युद्धापर्यंत.

स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन मी परराष्ट्र मंत्रालयात सहायक म्हणून लागलो. पुढे राजदूत होतात ते अधिकारी वेगळ्या परीक्षेतून येतात. आम्ही ‘ब’ शाखेतले. पासपोर्ट, हिशेब, टपाल, खलिता, मृत्यूच्या नोंदी हे आमचं काम. गावाकडे मी परदेशात नोकरीला आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झेंडा लावलेली गाडी आणि मेजवान्या येत. त्यांचा दोष नाही. वर्तमानपत्रात दूतावासाची बातमी येते ती पंतप्रधानांच्या दौऱ्याची किंवा कराराची. खिडकीपुढच्या रांगेची बातमी कुठून येणार?

या कामाचा पाया दोन करारांत आहे. दोन्ही व्हिएन्नात झाले. 1961 चा करार राजनैतिक संबंधांचा, 1963 चा कॉन्सुलर संबंधांचा. पहिल्याची चर्चा फार होते, कारण त्यात राजदूतांना मिळणारी संरक्षणं आहेत. मला दुसरा अधिक जवळचा. त्याच्या पाचव्या कलमात कॉन्सुलने काय करायचं याची यादी आहे: आपल्या नागरिकांना मदत करणं, पासपोर्ट देणं, जन्म-विवाहाच्या नोंदी करणं, परक्या भूमीवर वारलेल्याच्या वारसांचं हित पाहणं, अज्ञान मुलांची काळजी घेणं. ही यादी वाचली तेव्हाच माझ्या मनात आलं, हे तर परदेशातलं तहसील कार्यालय. जन्माचा दाखला, मुखत्यारपत्र, कागदांचं साक्षांकन, निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हाताऱ्याचा हयातीचा दाखला, सगळं इथेच. फरक एवढाच की तहसीलदाराने नाही म्हटलं तर माणूस कलेक्टरकडे जातो, आमदाराकडे जातो. इथे या खिडकीपलीकडे त्याचं कुणीच नसतं.

सगळ्यांत जड काम मृत्यूचं. ते मी दोन्ही वेळा केलं आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्यांना त्यातलं काहीच माहीत नसतं.

माणूस इमारतीवरून पडतो, रस्त्यावरच्या अपघातात जातो किंवा झोपेतच जातो. तरणीताठी माणसं रात्री जेवून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत, हे मी फार पाहिलं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा आहे तो मालक, किंवा त्याची कंपनी आम्हाला कळवते. पोलिसांचा अहवाल, रुग्णालयाचा अहवाल, पासपोर्ट आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गोळा होतात. मग घरून संमतिपत्र लागतं: दफन इथेच करायचं की पार्थिव घरी पाठवायचं, आणि आमच्या वतीने अमुक माणसाने कागदोपत्री व्यवहार करावेत. ते स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर केलेलं हवं. ते आलं की आमची कचेरी ना-हरकत पत्र देते आणि मृताचा पासपोर्ट रद्द होतो. शवलेपनाचा दाखला, पेटी, विमानाच्या मालविभागातली जागा, हे सगळं जुळावं लागतं. आणि सौदीत आणखी एक गोष्ट असते. जिवंत माणसाला देश कायमचा सोडायचा असेल तर पासपोर्ट विभागाकडून खुरूज, म्हणजे अंतिम निर्गमनाची परवानगी घ्यावी लागते. मेलेल्या माणसालाही ती लागते. ती मिळाल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही.

या सगळ्याला किती दिवस लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पोलीस चौकशी असेल तर थांबावं लागतं. कफील गावाला गेला असेल तर थांबावं लागतं. इकडे घरी मात्र चूल पेटलेली नसते. भाऊ फोन करतो, ‘साहेब, आज निघाला का?’ दुसऱ्या दिवशी चुलता करतो. तिसऱ्या दिवशी गावचे सरपंच. मी प्रत्येकाला तेच सांगत असे, पण प्रत्येक वेळी पूर्ण सांगत असे. कोणता कागद आला, कोणता यायचाय, तो कुणाच्या टेबलावर आहे. माझ्या मते या कामातली निम्मी सेवा एवढीच आहे. ज्याचं माणूस गेलंय त्याला ‘प्रोसेस चालू आहे’ असं मोघम उत्तर देऊ नये.

जेद्दात महाराष्ट्रातून येणाऱ्या फायलींत कोकण फार. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन. इथल्या मुसलमान घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात आहेत. आधी बोटीवर, मग बंदरावर, मग दुकानांत आणि कंपन्यांत. त्यांची संमतिपत्रं मराठीत येत आणि विभागात ती वाचू शकणारा बहुतेक वेळा मी एकटाच असे. खेडच्या एका वडिलांनी मला फोनवर सांगितलं होतं, ‘साहेब, त्याला मक्केतच राहू द्या. आमच्यापैकी कुणाच्या नशिबात आहे ती माती?’ त्यांचा आवाज स्थिर होता. त्याच आठवड्यात मराठवाड्यातल्या एका आईचं उलटं होतं. तिला मुलगा घरीच हवा होता, कितीही दिवस लागोत. सौदीत बिगर-मुस्लिमांच्या दफनाला ठरावीकच जागा आहेत आणि दहन तर होतच नाही. म्हणून हिंदू घरातलं पार्थिव बहुधा घरीच पाठवावं लागतं. त्या आईने पार्थिव ताब्यात मिळाल्यावर पुन्हा फोन केला. आभार मानायला नव्हे. मुलाच्या बॅगेत एक स्वेटर असायला हवा होता, तो आला नाही, एवढंच विचारायला. मी त्याच्या खोलीतल्या सोबत्यांना शोधलं आणि स्वेटर पाठवून दिला. त्या फाइलवर शेरा मारताना माझा हात जड झाला होता.

पेटी गेली की काम संपत नाही. थकलेला पगार, नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम, अपघात असेल तर भरपाई, यांचा पाठपुरावा आमच्याकडेच. पैसे आले की धनाकर्ष काढून मृताच्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे पाठवायचा आणि कलेक्टर कचेरी वारस ठरवून तो देते. या साखळीत एखादा वारस दाखला अडला तर दोन-दोन वर्षं जातात. विधवा बाई तहसील कचेरी आणि कोर्टात फेऱ्या मारते. म्हणून मी फोनवर शेवटी सांगत असे, ‘वहिनी, वारस दाखल्याचा अर्ज आजच टाका, पैशाची वाट पाहू नका.’

आता दौऱ्यांविषयी. तबूकच्या बागेत राबणाऱ्या मजुराला पासपोर्टचं नूतनीकरण करायला जेद्दाला यायचं तर दोन दिवसांची रजा, बसभाडं आणि मालकाची परवानगी हवी. तिन्ही एकत्र जमत नाहीत. म्हणून कचेरीच त्याच्याकडे जाते. अभा, खमीस मुशैत, जीझान, नजरान, यांबू, तबूक या ठिकाणी आळीपाळीने कॉन्सुलर दौरे होत. आम्ही सुट्टीला जोडून जात असू. माझ्या पहिल्या कारकिर्दीत तिथली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती; 2013 पासून ती शुक्रवार-शनिवारची झाली. पेट्यांत अर्ज, शिक्के, पावतीपुस्तकं, डिंक. तेव्हाचे पासपोर्ट हाताने लिहिलेले असत आणि फोटो चिकटवून त्यावर प्लास्टिकचं आवरण बसवावं लागे. अक्षर चांगलं म्हणून ते लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. 2015 च्या नोव्हेंबरनंतर जगभरात हस्तलिखित पासपोर्ट बाद झाले.

अभा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. जेद्दाच्या दमट उकाड्यातून घाट चढून वर गेलं की अंगावर धुकं येतं आणि सह्याद्रीची आठवण होते. तिथे एखाद्या शाळेत किंवा सभागृहात टेबलं मांडायची. माणसं पहाटेपासून येऊन बसलेली असत. कुणी डोंगरात मेंढ्या राखणारा, कुणी पेट्रोल पंपावरचा, कुणी घरकाम करणारी बाई, जिला मालकाच्या बायकोने गाडीतून आणून सोडलंय आणि जी तासाभरात परत जायची आहे. मेंढपाळांची अवस्था सगळ्यांत वाईट. काहींना महिनोन्‌महिने दुसऱ्या भारतीयाशी बोलायला मिळालेलं नसे. अर्ज भरून झाला तरी असा माणूस टेबलापासून हलत नसे. मी त्याला बाजूला बसायला सांगे आणि चहा मागवत असे. रांगेतल्या इतरांना ते समजत असे.

दौऱ्यात नूतनीकरणाइतकीच गर्दी तक्रारींची. पगार थकलाय. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. ते तिथल्या कायद्यात बसत नाही, तरी होतं. मालकाने ‘हुरूब’ लावलाय, म्हणजे हा माणूस पळून गेला अशी नोंद केलीय. एकदा ती नोंद झाली की त्याला दुसरीकडे नोकरी धरता येत नसे आणि सरळ मार्गाने घरीही जाता येत नसे. अशा माणसाला आम्ही इमर्जन्सी सर्टिफिकेट देत असू. मजुरांच्या तोंडी त्याला आऊटपास म्हणतात. एकाच प्रवासापुरता तो कागद. तो घेऊन तरहीलमध्ये, म्हणजे परतपाठवणी केंद्रात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे आणि तिथून विमानतळ. 2013 साली तिथल्या सरकारने कामगारविषयक कडक नियम लागू करताना कागदपत्रं सुधारून घेण्याची किंवा शिक्षेविना निघून जाण्याची मुदत दिली. ती 3 नोव्हेंबरला संपली. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण माझ्या जागी असलेल्या सहकाऱ्यांनी त्या महिन्यांत जे काम केलं ते मी फायलींतून वाचलं आणि त्यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

या माणसांना तिकिटाचे पैसे कुठून द्यायचे हा पूर्वी रोजचा प्रश्न होता. वर्गणी काढून, एखाद्या दानशूर व्यापाऱ्याला गळ घालून निभावून न्यावं लागे. 2009 मध्ये इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड सुरू झाला आणि चित्र पालटलं. प्रत्येक कॉन्सुलर सेवेमागे एक लहान रक्कम या निधीत जमा होते आणि त्यातून अडलेल्या माणसाचा निवारा, तिकीट, तातडीचं औषधपाणी, सुरुवातीची कायदेशीर मदत, गरज पडली तर पार्थिव पाठवण्याचा खर्च होतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये पासपोर्ट करून घेणारा भारतीय दोन-तीन डॉलर जादा देतो, तेव्हा ते कशासाठी हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. प्रत्येक देशातला निधी मुख्यतः तिथेच वापरला जातो हे खरं, पण माणसाने माणसासाठी केलेली ही तजवीज आहे आणि आपल्या सरकारने गेल्या काही दशकांत परदेशातल्या नागरिकांसाठी केलेल्या कामांत मी तिला सगळ्यांत वर ठेवतो.

तुरुंगभेटींविषयी थोडक्यात. 1963 च्या कराराचं छत्तिसावं कलम सांगतं की परदेशी माणसाला अटक झाली तर त्याला त्याच्या कॉन्सुलेटशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, हा हक्क त्याला विनाविलंब सांगितला पाहिजे आणि कॉन्सुलला त्याची भेट घेता आली पाहिजे. जेद्दाच्या ब्रिमान तुरुंगात आम्ही जात असू. कैद्यांची अपेक्षा मोठी असे. साहेब आले, आता सुटका. आम्ही सोडवू शकत नाही. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये असं तोच करार सांगतो. आम्ही वकील शोधून देऊ शकतो, दुभाषी नीट आहे का पाहू शकतो, तब्येतीची तक्रार वर नेऊ शकतो आणि घरी निरोप देऊ शकतो. हे थोडं वाटतं. पण ज्याला भेटायला कुणी येऊच शकत नाही त्याला विचारा. पाकिस्तानात कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी म्हटलं की पाकिस्तानने याच छत्तिसाव्या कलमाचा भंग केला. त्या दिवशी निकाल ऐकताना आम्हा कॉन्सुलर कामातल्या लोकांना एखाद्या भेटीची किंमत नव्याने कळली असं म्हणणार नाही. ती आम्हाला ठाऊक होती. ती सगळ्या देशाला कळली याचं समाधान वाटलं. भारत आणि पाकिस्तान दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. 2008 च्या कराराने ते बांधून दिलंय. आपल्या पालघर जिल्ह्यातले, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे मच्छीमार अशा याद्यांत असतात. दूतावास नावाची वास्तू त्या डहाणू-तलासरीच्या घरांपर्यंत पोचते ती अशी.

जेद्दाचं वेगळेपण हज. ब्रिटिशांच्या काळापासून हिंदी यात्रेकरूंसाठी इथे अधिकारी असे. मुंबईहून बोटीने हजला जाण्याची वाट 1995 मध्ये बंद झाली. आता सगळे विमानाने येतात. आपला दूतावासही पूर्वी जेद्दातच होता. 1980 च्या दशकात सौदी परराष्ट्र मंत्रालय रियाधला गेलं तसे सगळे दूतावास तिकडे गेले आणि इथे कॉन्सुलेट राहिलं. 2023 मध्ये भारताचा कोटा 1,75,025 यात्रेकरूंचा होता. एवढी माणसं, त्यांतली बरीच आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेली, काही दिवसांत येतात आणि मक्केजवळच्या मीनाच्या तंबूंत राहतात. एप्रिल 1997 मध्ये मीनात तंबूंना आग लागून साडेतीनशेच्या जवळपास माणसं गेली. त्यांत आपले बरेच होते. माझी पहिली नेमणूक त्यानंतर झाली, तेव्हा कापडी तंबू जाऊन न पेटणारे तंबू आले होते. तरी जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात ती आग रोज असे.

मीनात हरवलेल्या यात्रेकरूंना आमच्या छावणीत आणून सोडत. एकदा एका वृद्ध बाईंना आणलं. हिंदी-उर्दू येणारे सगळे त्यांच्याशी बोलून थकले होते, त्या घाबरून गप्प झाल्या होत्या. मी सहज मराठीत विचारलं, ‘मावशी, गाव कुठलं?’ त्यांनी माझा हात धरला तो तंबू सापडेपर्यंत सोडला नाही. श्रीवर्धनकडच्या होत्या. वाटेत त्यांनी मला घरची सुपारीची बाग, जावई, नातवाचं लग्न, सगळं सांगितलं. त्यांच्या तांड्यातल्या लोकांनी आभार मानले. मला वाटलं, आभार मी मानायला हवेत. परक्या मुलखात आपली भाषा ऐकायला मिळावी ही भूक कारकुनालाही असते.

मधली वर्षं युरोपातल्या एका छोट्या दूतावासात आणि दिल्लीत गेली. दिल्लीतला 2015 चा एप्रिल मात्र सांगायला हवा. येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले होते आणि साना, एडन, होदेदाहून आपली माणसं काढायची होती. ऑपरेशन राहत. नौदलाच्या बोटींनी, सानाहून विमानाने, माणसं समुद्रापलीकडे जिबुतीला आणायची आणि तिथून विमानाने घरी. जिबुतीत तेव्हा आपला दूतावासच नव्हता. त्या देशाचं काम इथिओपियातल्या अदिस अबाबाहून चाले. त्यामुळे दिल्लीहून, अदिसहून, जिथून जमेल तिथून माणसं पाठवून तिथे कचेरी उभी करावी लागली. ती उभी केली आणि चार हजार सहाशेहून अधिक भारतीय आणि एक्केचाळीस देशांचे नऊशे साठ नागरिक बाहेर निघाले, हा अभिमानाचा भाग. पण नियंत्रण कक्षात बसून आम्ही जो प्रश्न एकमेकांना विचारत होतो तो विसरण्यासारखा नाही: ही कचेरी आधीपासून तिथे असती तर?

2018 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आफ्रिकेत अठरा नवे दूतावास उघडायला मंजुरी दिली. त्या यादीत जिबुती होतं. मला ते वाचून मनापासून बरं वाटलं.

येमेनच्या आधीचंही एक उदाहरण आम्हाला आमच्या वरिष्ठांनी पुनःपुन्हा सांगितलेलं. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. आपला तिथला दूतावास बसऱ्याला हलवावा लागला. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकलेले. त्यांतले बहुसंख्य इराक ओलांडून जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले. त्या वाटेवर बगदादला आपली कचेरी होती, अम्मानला होती, म्हणून ती वाट निघाली. दूतावासांच्या जाळ्याचा अर्थ मला तिथे कळतो. एका देशातला दूतावास कोलमडला की शेजारच्या देशातल्याने भार उचलायचा.

जेद्दाने असा भार 2023 मध्ये उचलला आणि त्यात माझाही हात लागला. 15 एप्रिलला खार्टूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. आपली माणसं खार्टूमहून बसने आठशेहून अधिक किलोमीटर पोर्ट सुदानला यायची, तिथून आयएनएस सुमेधा, तेग, तर्कश या नौकांनी किंवा हवाई दलाच्या विमानांनी तांबडा समुद्र ओलांडून जेद्दाला. ऑपरेशन कावेरी. 25 एप्रिलला सुमेधा पहिली तुकडी घेऊन निघाली. जेद्दातल्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये राहण्याची व्यवस्था केली. वर्गांतली बाकं बाजूला केली, गाद्या टाकल्या, जेवण, डॉक्टर, कागदपत्रांची टेबलं. मी कागदपत्रांच्या टेबलावर. जेद्दातल्या भारतीयांनी न सांगता जेवण आणि कपडे आणले. शाळेतल्या शिक्षकांनी रात्रभर माणसांना चादरी दिल्या.

त्या टेबलापुढे काय काय माणसं आली. सुदानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती व्यापाऱ्यांची कुटुंबं, ज्यांनी ओमदुर्मानची दुकानं कुलूप लावून सोडली होती. कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे लोक, जे औषधी तेलं विकायला तिकडे गेले होते. कारखान्यांतले कामगार. बऱ्याच जणांचे पासपोर्ट मालकाकडे किंवा जळालेल्या कचेरीत राहिलेले. त्यांना बसल्या जागी इमर्जन्सी सर्टिफिकेट लिहून दिलं. एका मुलाने विचारलं, ‘काका, आता पुढे कुठे पळायचं?’ मी म्हटलं, ‘आता घरी.’ त्याचं घर कुठलं हे त्याला सांगता येईना; तो खार्टूममध्येच जन्मला होता. 5 मेला मोहीम संपली तेव्हा 3,862 माणसं देशात पोचली होती. त्यानंतर काही दिवस ती शाळा पाहिली की माझा ऊर भरून येई.

नोकरीतून बाहेर पडल्यावर मी हे सगळं एकत्र ठेवून पाहतो आणि माझं एक ठाम मत झालंय. भारताचे दूतावास, उच्चायुक्तालयं आणि कॉन्सुलेट मिळून आज दोनशेच्या घरात आहेत. ही संख्या लहान नाही. पण ती चालवणाऱ्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीनेही हे मनुष्यबळ अपुरं असल्याचं नोंदवलंय. नवा दूतावास उघडतो तेव्हा त्या देशाशी व्यापार किती, तिथे आपला प्रतिस्पर्धी कोण, असे प्रश्न विचारले जातात. विचारलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: तिथल्या भारतीय मजुराला आपल्या खिडकीपर्यंत यायला किती तास लागतात? तबूकच्या माणसाला दहा तास लागत असतील तर तिथे वर्षातून काही दौरे पुरत नाहीत. तिथे एक खोली, दोन माणसं आणि एक शिक्का कायमचा असायला हवा. ऑनलाइन अर्ज आले, 2015 पासून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पासपोर्टचे अर्ज खासगी केंद्रांत घेतले जातात. या सोयी चांगल्या आहेत. पण मेंढपाळाच्या हातात पोर्टल नसतं. त्याच्यासाठी माणसालाच जावं लागतं.

आणि हे वाचणाऱ्यांच्या घरातलं कुणी आखातात नोकरीला निघालं असेल तर काही गोष्टी करून घ्या. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची अट असते. ठरावीक देशांत जाण्याआधी त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून परवानगी लागते, आणि ही कचेरी मुंबईतही आहे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येतं. सेवाशुल्क म्हणून तो कायद्याने तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेऊ शकतो. त्यावर एक पैसाही देऊ नका. भेटीच्या व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नोकरीचा करार, पासपोर्ट, व्हिसा यांच्या प्रती घरी ठेवा. तिकडे पोचल्यावर त्याने आपलं नाव दूतावासात नोंदवावं. आणि तो ज्या शहरात जातोय ते शहर कोणत्या कचेरीच्या हद्दीत येतं ते विचारून तिचा पत्ता आणि आणीबाणीचा क्रमांक निघण्याआधीच घरातल्या बाईमाणसाच्या फोनमध्ये भरून द्या. रात्री-अपरात्री फोन करावा लागला तर संकोच करू नका. त्या फोनसाठीच तिथे माणूस बसवलेला असतो.